काजूची पोती, बिलांची पिशवी आणि सीए बाई

अकाउंटंट ठेवला की पैसे वाचतात, असं सगळेच सांगतात. माझे पहिल्या तीन महिन्यांत अडीच लाखांच्या घरात गेले. देणं माझंच होतं, मला त्याचा पत्ता नव्हता एवढंच. तरी चलनं भरताना बाईंचा राग आलाच. आता छोटा धंदा करणाऱ्या कुणी विचारलं, तर मी सांगते की पहिल्याच वर्षी जा, माझ्यासारखी तिसऱ्या वर्षी जाऊ नका. का, ते सांगते. आणि कुणाकडे जायचं, काय विचारायचं, काय आपल्या हातातच ठेवायचं, हेही.

वाळपईला घरामागे आमचं काजूचं युनिट आहे. एक बॉयलर, चार कटिंग मशीन, एक ड्रायर आणि हंगामात सोलायला सात-आठ बायका. म्हापशाला छोटं दुकान. सगळं माझ्या नावावर, कारण आमचे हे हायस्कुलात शिक्षक. एप्रिल २०२३ मध्ये सुरुवात केली. पहिल्या वर्षी विक्री ४८ लाख झाली आणि हाती साधारण ६ लाख उरले. हिशेब म्हणजे कपाटाच्या कडीला अडकवलेली कापडी पिशवी. बिल आलं की पिशवीत. रिटर्न भरायचा पुण्याचा मावसभाऊ, तोही फुकट. तो कॉम्प्युटरवाला, अकाउंट्सवाला नव्हे. दर वर्षी एक फोन, एक ओटीपी, आणि 'ताई, झीरो टॅक्स, पार्टी दे!' मी खूश.

२०२५ च्या चवथीच्या तोंडावर पुण्याच्या एका गिऱ्हाइकाने दिवाळीसाठी काजूचे चाळीस डबे कुरिअरने मागितले. बिल कसं करायचं कळेना. पाच दिवसांचा गणपती पोचवला आणि डिचोलीच्या एका सीए बाईंकडे गेले. विचारायचं होतं एवढंच. बाईंनी पिशवी बघितली, उघडली मात्र नाही. आधी त्यांनीच तीन प्रश्न विचारले.

पहिला प्रश्न ऐकून मला वाटलं, ह्या सीए आहेत की लग्न जुळवणाऱ्या? 'तुमचं लग्न गोव्यात नोंदवलंय ना? लग्नाआधी मालमत्तेचा काही करार केला होता?' करार कसला, आमच्या पेडण्यात कोण करतो! रजिस्ट्रारकडे दोनदा सह्या केल्या, संपलं. बाई म्हणाल्या, 'मग तुमच्या धंद्याचं उत्पन्न तुमचं एकटीचं नाही, अर्धं मिस्टरांचं.'

ही गोष्ट गोव्याबाहेरच्या माणसाला सहसा सुचत नाही, म्हणून नीट सांगते. आपल्याकडे पोर्तुगीज नागरी कायदा चालतो. वेगळा करार नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक. आयकर कायद्याने त्याची दखल ५ए कलमात घेतली आहे. धंद्याचा नफा, भाडं, व्याज, भांडवली नफा असं उत्पन्न दोघांत अर्धं-अर्धं वाटायचं आणि दोघांनी आपापल्या रिटर्नमध्ये दाखवायचं. त्यासाठी रिटर्नमध्ये शेड्यूल ५ए नावाचा वेगळा तक्ताच असतो. पगार मात्र ज्याचा त्याचाच राहतो. (१ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या आयकर कायद्यात कलमांचे नंबर बदलले आहेत. मी जुनेच लिहिते, कारण माझं दुखणं जुन्या वर्षांचं.)

मावसभावाने सगळे ६ लाख माझ्या नावावर टाकले होते. नव्या पद्धतीत तेव्हा ७ लाखांपर्यंत सूट होती, म्हणून कर शून्य. अर्धे धरले तरी माझा कर शून्यच. अडकले ते आमचे हे. स्टँडर्ड डिडक्शन वजा जाता त्यांचं पगाराचं उत्पन्न होतं ८ लाख, आणि शाळेने टीडीएस कापला होता तेवढ्यावरच. त्यात माझे ३ लाख मिळवले की ११ लाख. त्या वर्षीच्या दरांनी ३५ हजारांचा कर ७५ हजार झाला. फरक ४० हजार, सेससकट ४१,६००. मुदत उलटून गेली होती, म्हणून अपडेटेड रिटर्न भरावा लागला. त्यावर व्याज, आणि कर अधिक व्याजाच्या बेरजेवर आणखी २५ टक्के. सगळं मिळून ६४ हजारांच्या आसपास गेले. आणखी उशीर केला असता तर ते २५ चे ५० टक्के झाले असते, मग ६०, मग ७०.

हे घरात सांगताना जड गेलं. 'धंदा तुझा आणि कर माझा?' असं ह्यांनी विचारलं. प्रश्न रास्त होता. उत्तर कायद्यात होतं, पण बायकोने नवऱ्याला कलम दाखवलेलं कुठल्या नवऱ्याला आवडतं! तेव्हा लक्षात ठेवा, ५ए म्हणजे दर वेळी फायदाच असं नाही. एक घरी आणि दुसऱ्याचा मोठा धंदा असेल तर उत्पन्न वाटलं जाऊन कर कमी होतो. आमच्यासारखं एकाचा पगार आणि एकाचा धंदा असेल तर वाढतो. आता बाई जानेवारीतच अंदाज काढतात आणि १५ मार्चच्या आत आम्ही दोघं ॲडव्हान्स टॅक्स भरतो. घरातली चकमकही तेव्हाच एकदा उरकते.

दुसरा प्रश्न होता, 'काजूबी कुणाकडून घेता?' काही व्यापाऱ्यांकडून बिलावर, आणि साधारण १० लाखांची दर हंगामाला थेट सत्तरी तालुक्यातल्या बागायतदारांकडून, असं मी सांगितलं. बाईंनी पेन खाली ठेवलं.

जीएसटीत विकणारा कर गोळा करतो आणि सरकारात भरतो, हे सगळ्यांना माहीत असतं. काही मालाला मात्र उलटं चालतं, कर घेणाऱ्याने भरायचा. ह्याला रिव्हर्स चार्ज म्हणतात. त्या यादीत शेतकऱ्याकडून घेतलेली, न सोललेली काजूबी आहे. नोंदणी असलेल्या कुणीही ती घेतली की ५ टक्के आपण भरायचे. मी कंपोझिशन स्कीममध्ये होते. विक्रीवर एक टक्का भरायचा, तिमाहीला एक छोटा फॉर्म, सुटसुटीत काम. मला वाटायचं, एक टक्का भरला की आपण मोकळे. पण कंपोझिशनवाल्यालाही रिव्हर्स चार्ज सुटत नाही, आणि भरलेल्याचं क्रेडिटही, म्हणजे तो कर विक्रीवरच्या करातून वजा करून घेणं, मिळत नाही. २०२३, २०२४, २०२५ असे तीन हंगाम, दर हंगामाला ५० हजार. दीड लाख मुद्दल आणि १८ टक्क्यांनी व्याज तेहतीस हजारांच्या आसपास. नोटीस यायच्या आत डीआरसी-०३ फॉर्मने आपण होऊन भरून टाकले. अधिकाऱ्याने काढलं असतं तर वर दंडाचीही बात आली असती.

म्हणून आता बी येते त्या दिवसाचं काम बदललंय. पूर्वी पोती काट्यावर चढायची, पैसे हातात द्यायचे, संपलं. आता काट्याशेजारी एक लांब वही असते. तारीख, बागायतदाराचं नाव आणि गाव, पोती किती, ओलीचं वजन वजा जाता किलो किती, दर, रक्कम, रोख की बँकेतून, आणि सही किंवा अंगठा. विकणारा नोंदणीकृत नसल्यामुळे त्याच्या वतीचं बिल आपणच करायचं असतं, माल आल्यापासून ३० दिवसांच्या आत. वहीवरून बाईंची मुलगी टॅली ह्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये ते बनवते. एका माणसाला एका दिवसात १० हजारांहून जास्त रोख दिली तर एरवी तो खर्च हिशेबात धरला जात नाही. थेट शेतकऱ्याकडून घेतलेल्या शेतमालाला त्यातून सूट आहे, तरी मोठी रक्कम आम्ही बँकेतूनच देतो. त्यामुळे मोठी पोतीवाले आता खातं नंबर देतात. एक म्हातारे बागायतदार मात्र अजून कुरकुरतात. पहिल्या दिवशी वही बघून त्यांनी विचारलं होतं, 'नांव कित्याक बरयतां गे, हांव चोर कितें?' (नाव कशाला लिहितेस गं, मी चोर आहे का?) त्यांना चहा देऊन समजावावं लागलं की चोर ते नाहीत, तीन वर्षं मीच होते.

मग पुण्याच्या डब्यांचा विषय निघाला. कंपोझिशनमध्ये राज्याबाहेर माल विकताच येत नाही. म्हापशाच्या दुकानात येऊन पुणेकराने काजू नेले तर ती गोव्यातलीच विक्री. तेच काजू कुरिअरने त्याच्या घरी धाडले की आंतरराज्य. चाळीस डब्यांपायी मी स्कीममधून बाहेर फेकली गेले असते, तेही न कळत. बाईंनी दोन्ही बाजूंचा हिशेब एका कागदावर मांडला. कंपोझिशनमध्ये एक टक्क्याचे ४८ हजार आणि बीवरचे ५० हजार, म्हणजे खिशातून ९८ हजार, शिवाय व्यापाऱ्याच्या बिलावरचा नि पाऊचवरचा कर पाण्यात. रेग्युलरमध्ये, म्हणजे नेहमीच्या जीएसटीत, विक्रीवर पूर्ण कर, पण बी, पाऊच, मशीन सगळ्याचं क्रेडिट. खारे काजू १२ टक्क्यांत होते तोवर कंपोझिशनच बरं पडत होतं. २२ सप्टेंबर २०२५ पासून ते साध्या काजूगरासारखे ५ टक्क्यांत आले आणि पारडं फिरलं. फरक फार मोठा नव्हता, पण पुण्याचं दार उघडत होतं. स्कीम सोडली, त्या दिवशीचा शिल्लक माल मोजला (दोनशे चाळीस, तीनशे वीस, पाकळी, तुकडा, काजूच्या सगळ्या प्रतींचे डबे तराजूवर!) आणि त्यावरचं क्रेडिटही मागितलं. ते मागता येतं हे मला जन्मात सुचलं नसतं.

तिसरा प्रश्न साधा होता, 'जीएसटी पोर्टलवर मोबाइल नंबर कुणाचा आहे?' माझा नव्हता. नोंदणी करून देणाऱ्या एका कन्सल्टंटने स्वतःचा नंबर आणि ईमेल टाकला होता. म्हणजे विभागाचे सगळे निरोप दोन वर्षं त्याच्याकडे जात होते आणि तो फोन उचलत नव्हता. तो नंबर बदलायला कागदपत्रं घेऊन अधिकाऱ्याकडे खेपा माराव्या लागल्या. तेवढ्या वेळात चार पिंप काजू भाजून झाले असते. म्हणून अकाउंटंट कितीही देवमाणूस असला तरी नंबर आपला, ईमेल आपला, पासवर्ड आपल्या वहीत. ओटीपी मागितला तर आधी विचारायचं, कशासाठी? सांगणारा भला अकाउंटंट चिडत नाही.

आता कुणाला ठेवायचं? आपल्याकडे 'अकाउंटंट' म्हणजे तीन वेगवेगळी माणसं असतात. टॅलीत नोंदी करणारी मुलगी किंवा मुलगा, जीएसटी प्रॅक्टिशनर आणि सीए. नोंदींना सीए लागत नाही. साधे जीएसटी रिटर्न प्रॅक्टिशनर भरतो. ऑडिट आणि बँकेला लागणारी सर्टिफिकेटं सीएचीच. सीएने सही केलेल्या कागदावर यूडीआयएन नावाचा १८ अंक-अक्षरांचा नंबर असतो, तो सीएंच्या संस्थेच्या साइटवर कुणालाही तपासता येतो. नंबर नसेल तर तो कागद बँकेत नेऊ नका. मी नोंदी आणि जीएसटीसाठी महिन्याला २,५०० देते, दोघांच्या आयकर रिटर्नचे वेगळे. फी कशाकशाची आणि कशाची नाही, हे पहिल्याच दिवशी कागदावर घ्या. नोटिशीला उत्तर देण्याचे पैसे वेगळे असतात आणि वाद तिथेच होतो. ही फी धंद्याचा खर्च म्हणून वजाही होते.

सगळ्यांनाच महिन्याचा माणूस लागतो असं मात्र मी म्हणणार नाही. शुक्रवारच्या बाजारात आमसुलं नि मिरच्या विकणाऱ्या माझ्या मैत्रिणीची उलाढाल जीएसटी नोंदणीसाठी मालाला असलेल्या ४० लाखांच्या मर्यादेच्या कितीतरी खाली आहे. (नुसती सेवा देत असाल तर मर्यादा २० लाखांची.) तिने वर्षातून एकदा तासभर बसून सल्ला घेतला की पुरे. तिला एकच सांगितलं, धंद्याचा क्यूआर वेगळ्या खात्याचा ठेव. जुलै २०२५ मध्ये शेजारच्या कर्नाटकात छोट्या दुकानदारांना यूपीआयच्या जमेवरून जीएसटीच्या नोटिसा गेल्या, तेव्हा एकाच खात्यात घरचे, उसने आणि विक्रीचे पैसे असलेल्यांना ते निवडून दाखवताना नाकी नऊ आले.

निवडताना तुमच्या धंद्यातला एक अवघड प्रश्न घेऊन जा. माझा असता, 'बीवर रिव्हर्स चार्ज कसा भरायचा?' बार अँड रेस्टॉरंटवाल्याने विचारावं, 'एकाच टेबलाच्या जेवणाचं नि फेणीचं बिल कसं करायचं?' कारण दारू जीएसटीबाहेर, तिचा व्हॅट, आणि जेवणाचा जीएसटी. समोरचा 'ते बघू नंतर' म्हणाला तर नमस्कार करून उठा. 'थांबा, बघून सांगते' म्हणाली तर बसा, ते चांगलं लक्षण. आणि लग्नाबद्दल विचारलंच नाही तर ५एची आठवण तुम्ही करून द्या. नातेवाइकाचा मुलगा टाळता आला तर टाळा. त्याच्याशी भांडता येत नाही, आणि तो फुकट करतो म्हणून घाईही करता येत नाही. मावसभावावर माझा राग नाही. त्याने त्याला येतं ते केलं. पण दर दिवाळीला काजू अजून त्यालाच धाडते आणि आता त्याचं बिलसुद्धा करते.

बाईंचा महिना १४ तारखेला सुरू होतो. त्या दिवशी जीएसटीआर-२बी नावाची यादी तयार होते. आपल्याला विकणाऱ्यांनी आपल्या नावावर कुठली बिलं दाखवली, ते तीत दिसतं. पाऊचवाल्याने बिल दाखवलं नाही की माझं १८ टक्क्यांचं क्रेडिट लटकलं. पूर्वी मला ते कळलंच नसतं. आता बाई फोन करतात, 'पाऊचवाल्याची दोन बिलं दिसत नाहीत.' मी त्याला फोन करते आणि बिल दिसेपर्यंत पुढची ऑर्डर देत नाही. ह्या एका फोनात त्यांची महिन्याची फी कधीकधी वसूल होते.

सगळ्यात गोड काम मात्र वसुलीचं झालं. एका हॉटेलाकडे डिसेंबरातल्या मालाचे पैसे अडले होते. 'मॅडम, पुढच्या आठवड्यात' असं सांगत फेब्रुवारी आला. बाईंनी विचारलं, 'उद्यम नोंदणी आहे ना?' ही छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी. होती, फुकट होते म्हणून केलेली, कपाटात पडलेली. आमचं युनिट उत्पादन करणाऱ्या सूक्ष्म उद्योगांत बसतं. अशा उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत द्यायचे असतात. न देता वर्ष संपलं तर मोठ्या गिऱ्हाइकाला तो खर्च त्या वर्षी वजा करता येत नाही, त्यावर कर बसतो. नुसता माल घेऊन विकणाऱ्या व्यापाऱ्याला हे कवच नाही, आम्ही बी फोडतो म्हणून आहे. बाईंनी चार ओळींचं सभ्य पत्र करून दिलं. उद्यम नंबर, बिलाची तारीख, रक्कम, कायद्याचा उल्लेख. भांडण नाही, धमकी नाही. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात हॉटेलच्या अकाउंटंटचाच फोन आला, 'खातं नंबर हाच ना?' मालकाला मी तीन महिने विनवत होते. त्यांच्या अकाउंटंटला मात्र एका कागदात कळलं. आता उद्यम नंबर माझ्या प्रत्येक बिलावर छापलेला आहे.

कापडी पिशवी अजून त्याच कडीला आहे. त्यात आता प्लॅस्टिकच्या चार फायली असतात. खरेदी, विक्री, बँक, आणि चौथीवर बाईंच्या मुलीने मार्करने लिहिलंय: 'कळत नाही ते'. शनिवारी दुकान बंद करताना मी आधी चौथी उघडते. ह्या आठवड्यात तीत एकच कागद आहे. बेळगावच्या एका बेकरीला पाकळी हवी आहे, पैसे महिन्याने देईन म्हणते. करार लेखी करायचा की नाही, ते सोमवारी बाईंना विचारायचं आहे.